लेकीच्या घरचं ताट

उमा, निखिल,

उमा, तुझ्या ताटाच्या काठावर जी वेटोळी आहेत ती जेवता जेवता तू बोटाने गिरवत बसतेस, असं तुझ्या आईने लिहिलं आहे. तुला ती नक्षी वाटते. ती नक्षी नाही, नाव आहे, कानडीत कोरलेलं. ज्यांचं ते नाव, त्या तुमच्या दुधनीच्या अज्जी, तुमच्या आईच्या आई, या महिन्यात गेल्या, लिंगैक्य झाल्या. तुम्हा दोघांना त्यांनी फोटोतच पाहिलं.

हे तुम्हाला आज वाचता येणार नाही. एकीला अजून अक्षरओळख नाही आणि दुसऱ्याला नीट बसताही येत नाही. तरी मी, तुमची सोलापूरची आजी, बाबांची आई, आत्ताच लिहिते, कारण माणूस गेल्यावर थोडे दिवस त्याचं बोलणं जसंच्या तसं कानात राहतं. पुढे आपण ते नकळत शुद्ध करून टाकतो. मी जन्मभर शाळेत मुलींच्या वह्या तपासल्या, तेव्हा शुद्ध करण्याची खोड मला जरा जास्तच आहे. अज्जींची भाषा माझ्या हातून शुद्ध व्हायच्या आत कागदावर उतरायला हवी. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं, मलाही जमलं असतं. पण इंग्रजीत त्या मावणार नाहीत.

दुसरं कारण तुमच्या आईचं. तिच्या संशोधनाच्या जागेची मुदत पुन्हा संपत आली आहे. तिथेच आणखी मुदत घ्यायची की परत यायचं, हे तिला ठरवायचं आहे. ती मला तिच्या आईबद्दल विचारते, ‘अव्वा शेवटी काय म्हणाली?’ त्याचं उत्तर मला एका ओळीत देता येत नाही.

म्हणून लिहायला बसले, आणि पाहते तर दोन वाक्यांनंतर मी तुमच्याशी नाही, त्यांच्याशीच बोलायला लागले आहे. इतक्या वर्षांची सवय. तुम्ही शेजारी बसून ऐका.

विहीणबाई,

त्या दिवशी मी दुपारच्या पॅसेंजरने दुधनीला पोहोचले तेव्हा तुम्हाला बसवलेलं होतं, आपल्या लिंगायतांत बसवतात तसं. कपाळभर विभूती, गळ्यात शेवंतीचे हार, पाठ भिंतीला ताठ. जिवंतपणी तुम्ही कधी इतक्या ताठ बसला नाहीत. मला क्षणभर वाटलं, तुम्ही पंगतीला बसला आहात आणि वाढणारा अजून तुमच्यापर्यंत पोहोचलेला नाही. तुमच्या सुनेने मला पाण्याचा तांब्या दिला. मी उन्हातून आले होते, घटाघटा प्यायले, आणि मगच मला रडू आलं. तुमच्या घरचं पाणी मी पहिल्या दिवसापासून पीत आले. मी मुलाची आई, माझा मान. तुम्ही मात्र वर्षानुवर्षं माझ्या घरच्या पाण्याला शिवला नव्हतात.

मुलांना हे समजणार नाही म्हणून सांगते. लेक दिली त्या घरी, तिला मूल होईपर्यंत, आईबापांनी जेवायचं नाही, पाणी प्यायचं नाही, अशी आपल्याकडे रीत होती. बऱ्याच जणांनी ती सोडली. तुम्ही सोडली नाहीत. पंधरा दिवसांतून एकदा सकाळच्या गाडीने यायचा, तुमची लेक गिरिजा घरी असो की पुण्याला. लहानशा टोपलीत शेंगाची चटणी, कडक भाकरी, मोसमात हिरवे हरभरे. ते सगळं आमच्यासाठी. तुमच्यासाठी काखेत फिरकीचा तांब्या. तो रिकामा झाला की तुम्ही परसात जायचा, भिंतीपलीकडच्या नरसव्वांना हाक मारायचा आणि त्यांच्या घरचं पाणी मागून प्यायचा. नरसव्वा तेलुगूत काहीतरी म्हणायच्या, तुम्ही कानडीत काहीतरी म्हणायचा आणि दोघी हसायचा. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी.

“अहो, नळ एकच आहे,” मी एकदा न राहवून म्हणाले. “सकाळी आधी आमचा हंडा भरतो, मग त्यांचा.”

“नळ मुन्शिपालटीचा हाय,” तुम्ही ओठ पुसत म्हणालात. “हंडा तुमचा हाय. हंड्यात पडलं की ते लेकीच्या घरचं झालं.”

“आणि भिंतीपलीकडे गेलं की?”

“तितं माजी लेक दिली न्हाय की.”

दुष्काळाच्या वर्षी नळाला चार-चार दिवसांनी पाणी यायचं, तेव्हा नरसव्वांच्या तोंडचं पाणी कसं मागायचं, म्हणून तुम्ही दुधनीहून भरलेली कळशी घेऊन गाडीत बसलात. विहिरी आटलेल्या गावातून पाणी घेऊन माझ्या घरी आलात. मला राग आला होता. तो तुमचा नव्हता, रितीचा होता, पण तुमच्यावर निघाला. तुम्ही ऐकून घेतलंत आणि विचारलंत, “ऊट आत?” जेवण झालं का, एवढंच. पोस्टमन आला तरी तुम्ही त्याला आधी हेच विचारायचा, मग पत्र घ्यायचा. सगळ्या जगाला जेवण झालं का विचारणाऱ्या बाईला माझ्याच घरात तोच प्रश्न उलट विचारायची मला सोय नव्हती.

गिरिजा आमच्याकडे आली तेव्हा भौतिकशास्त्रात एम.एस्सी. होती. पुढे तिने पुण्याला हवामानाच्या संस्थेत संशोधन सुरू केलं. आठवडाभर वसतिगृहात, शनिवारी रात्री सोलापूर. आपल्या भागात आभाळ अंधारून येतं, वारा सुटतो, आणि तसंच सगळं पुढे निघून जातं, हे सोलापूरकराला नवं नाही. ते का होतं, हा तिचा विषय. जमिनीवरच्या वाऱ्याचा नव्हे, खूप वरच्या वाऱ्याचा. तुम्हाला तिने हे अंगणात उभं राहून, हात वर करून समजावून सांगितलं होतं.

“तितलं वारं कोण बगायला गेलंय?” तुम्ही विचारलंत.

“फुगा सोडतात, अव्वा. तो कुठे वाहत जातो ते दुर्बिणीतून बघतात.”

“आनि फुग्यानं सांगितलं की पाऊस येतोय?”

“लगेच नाही सांगता येत.”

“आमचं वासरू लगीच सांगतंय.”

सोलापूरच्या संक्रांतीतल्या, गड्ड्याच्या जत्रेतलं वासरू. दिवसभर उपाशी ठेवून त्याच्यापुढे धान्य, गूळ, पान ठेवतात, आणि ते काय खातं, काय नुसतं हुंगून सोडतं त्यावरून वर्षाचा अंदाज बांधतात. तुम्ही एक वर्ष चुकवलं नाहीत. गिरिजा तुमच्याबरोबर जायची, गर्दीत टाचा उंचावून बघायची. घरी आल्यावर तुमची जुंपायची. ती म्हणायची वासरू एक आणि तालुके किती. तुम्ही म्हणायचा, रेडिओवरचा माणूस रोज ‘तुरळक सरी’ म्हणतो, तो तुरळक नावाचा गाव कुठे आहे ते मला दाखव, मी तिथे रान घेते. एक मात्र मान्य करायला हवं. वासरू चुकलं की तुम्ही वासराला नावं ठेवायचा नाहीत, आणि गणित चुकलं की गिरिजा गणिताला ठेवायची नाही. दोघी पुन्हा पुढच्या वर्षाकडे बघायचा. मायलेकी होतात, ते तिथे कळायचं.

मग तिची पीएच.डी. झाली. तुम्ही गावभर पेढे वाटलेत. शिक्षण संपलं, आता घर, आता मूल, आता लेकीच्या घरचं पाणी, असं तुम्ही धरून चालला होता. तुमचं चुकलं असं मी म्हणणार नाही. मीही मुलींचं शिक्षण तसंच संपताना पाहिलं होतं. पण या शास्त्रात पदवी ही सुरुवात असते. त्यानंतर एखाद्या मोठ्या प्राध्यापकाच्या हाताखाली दोन-तीन वर्षं काम केलं, तर पुढे स्वतःचा विषय उभा करता येतो. आपल्या देशात तेव्हा अशा जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि त्यांच्यापुढे रांग. शिवाय मोठं गणित करायचं तर संगणकासाठी कार्डांना भोकं पाडून गठ्ठा मुंबईला न्यायचा आणि यंत्रावर आपली पाळी येईपर्यंत थांबायचं. एक कार्ड उलटं लागलं की पुन्हा पुणे. तिच्या ग्रंथालयाच्या फळ्यावर परदेशातल्या जागांच्या सूचना लागायच्या. ती उतरवून आणायची आणि रविवारी आम्ही दोघी माझ्या जुन्या टंकलेखन यंत्रावर अर्ज करायचो. ती सांगायची, मी तिचं इंग्रजी सरळ करून ठोकायची. कोणी कळवलं की पैसा फक्त त्यांच्या नागरिकांसाठी आहे. कोणी कळवलं की पुढच्या वर्षी विचारा. एकाने तिला ‘मिस्टर’ म्हणून उत्तर पाठवलं आणि तुमच्या बायकोसाठी घराची सोय होईल असं आश्वासन दिलं. तेव्हा माझा मुलगा, गिरिजाचा नवरा चंदू, हसून हसून लोळला.

शेवटी एका ठिकाणाहून होकार आला. अमेरिकेतलं विद्यापीठ, दोन वर्षांची मुदत, विषय मान्सूनचा. सगळ्या पृथ्वीच्या वातावरणाचे चौकोन पाडून ते गणितात मांडायचे आणि यंत्राकडून वारा वाहवून बघायचा. तुम्ही विचारलंत, दुधनी कुठल्या चौकोनात? गिरिजा म्हणाली, सोलापूर, दुधनी, गुलबर्गा, थेट हैदराबादपर्यंत एकच चौकोन.

“म्हंजे हैदराबादवाल्यांचा पाऊस आमच्या हिशोबात?” तुम्ही चिडून म्हणालात. “मग आमाला काय उरतंय!”

ती हसली, पण तुमचं हसणं तिथे संपलं. तुम्ही माझ्याकडे वळलात. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर तुम्ही, आत पाटावर मी, मध्ये तुमचा फिरकीचा तांब्या. आपलं खरं भांडण त्या दिवशी झालं.

“बाई, हे नेमकं काय हाय? नोकरी हाय का?”

“नोकरी म्हणता येणार नाही. कायम नसते.”

“मग शाळा हाय?”

“शिक्षण झालंय तिचं. आता तिथल्या प्राध्यापकांच्या कामात काम करायचं. वर्षाला पगार ठरलेला. काम आवडलं तर मुदत वाढवतात.”

“म्हंजे सालगडी,” तुम्ही म्हणालात.

मुलांनो, पाडव्याला वर्षभरासाठी ठरवलेला शेतावरचा गडी म्हणजे सालगडी. मी चाळीस वर्षं इंग्रजी शिकवलं, पण पीएच.डी.नंतरच्या या अवस्थेचं इतकं नेमकं भाषांतर मला सुचलं नसतं. त्या वेळी मात्र मला ते झोंबलं.

“सालगडी कसं म्हणता? मानाची जागा आहे ती.”

“आमच्या गड्याला बी मान हाय. वाढताना आदी त्येला वाढतोय. पन रान मालकाचं, पीक मालकाचं. व्हय का न्हाय?”

“काम तिच्या नावावर छापून येतं.”

“नावावर छापून येतंय, सात-बाऱ्यावर न्हाय.” मग आवाज खाली आणून तुम्ही म्हणालात, “लग्नाला किती वर्सं झाली बाई? तुमाला नातवंड नको?”

“हवं आहे.”

“मग एक लेकरू होऊ द्या, मंग जाऊ द्या की. मी सांबाळते.”

“मूल झाल्यावर ती जागा थांबत नाही, विहीणबाई. आत्ता नाही गेली तर त्या जागेवर दुसऱ्याचं नाव लागेल.”

“आनि जावई? बायकोमागनं इमानात बसनार? लोकं काय म्हनतील?”

चंदू तेव्हा कॉलेजात गणित शिकवत होता. मी त्याला आधीच विचारलं होतं, आणि तो म्हणाला होता, ‘आई, गणित तिकडेही असतं.’ बिनपगारी रजेचा अर्जही करून मोकळा झाला होता. हे मी सांगितल्यावर तुम्ही कपाळाला हात लावलात. “तुमी सासू हाय का इस्कुलातल्या बाई, तेच मला कळंना झालंय!” असं म्हणून उठलात, आणि नरसव्वांकडे पाणीही न मागता स्टेशनवर गेलात.

गिरिजा म्हणाली, अव्वा हो म्हणाल्याशिवाय मी तिकीट काढणार नाही. मी तिला समजावलं नाही. तो तिचा आणि तुमचा प्रश्न होता. पण तिला होकार कळवायची मुदत जवळ येत चालली, आणि ती रोज संध्याकाळी परसात उभी राहून भिंतीकडे बघायची. तुमच्या दोन खेपा चुकल्या. तिसऱ्या खेपेला तुम्ही आलात ते दोन्ही हातांत ओझं घेऊन. कडक भाकऱ्यांची मोठी चळत, पांढऱ्या फडक्यात बांधलेली. पापडासारख्या वाळवलेल्या. सोबत चटणीचा डबा.

“हे सोबत न्यायला,” तुम्ही म्हणालात. “महिनाभर टिकत्यात. फुडचं तितं गेल्यावर बगा.”

गिरिजा धावत आली. “अव्वा, म्हणजे हो म्हणतेस?”

“मी भाकरी दिली. हो म्हनजे आनि काय वेगळं असतंय?”

ती तुमच्या गळ्यात पडली. तुम्ही तिला बाजूला सारलंत, फडक्याची गाठ सैल झाली म्हणून पुन्हा बांधलीत. तुमच्या बोटांना ती गाठ नीट बसेना. मी पाहिलं आणि आत निघून गेले.

पोरं गेली त्या सकाळी आपण दोघी स्टेशनवर होतो. गाडी हलली, गिरिजाचा हात दिसेनासा झाला. तुमची परतीची गाडी दुपारची होती, म्हणून टांग्याने घरी आलो. घरात दोन खोल्या एकदम मोठ्या झाल्या होत्या. मी चप्पल काढून जागेवर ठेवली, खिडक्या उघडल्या, सवयीने तुमच्यासाठी उंबऱ्यापाशी पाट टाकला आणि सवयीनेच पाणी विचारलं नाही. तुम्ही पाटाकडे बघितलंत, तो उचललात, उंबरा ओलांडून आत आलात आणि माझ्या पाटाशेजारी टाकलात.

“पानी द्या की,” तुम्ही म्हणालात.

मी हंड्याशी जागच्या जागी उभी राहिले. वाटलं, उन्हाने तुम्हाला काही होतंय.

“बगत काय ऱ्हायलाय? पानी द्या.”

“पण विहीणबाई, अजून गिरिजाला...”

“माजी लेक हितं कुटं हाय?” तुम्ही म्हणालात. “आता हे तिचं घर न्हाय. तिचं घर गेलं गाडीत. हे तुमच्या एकटीचं हाय. तुमच्या घरी पानी प्यायला मला कुनी मना केलंय?”

मी तांब्या भरून दिला. तुम्ही तो दोन्ही हातांनी धरून वर केलात आणि खाली ठेवेपर्यंत थांबला नाहीत. मग मला विचारलंत, “ऊट आत?” आणि मी नाही म्हणाले. मग मी पहिल्यांदा तुम्हाला उलट विचारलं. तुम्हीही नाही म्हणालात. त्या दिवशी भात, वरण आणि तुमचीच चटणी, एवढंच होतं. आपण दोघी जेवलो.

त्या रितीवर मी किती वर्षं चिडत आले होते. ती तुम्ही मोडली नाहीत, तिच्याच आधाराने माझ्या घरात आलात. त्या दिवसापासून मी तुमची नुसती विहीण राहिले नाही.

त्यानंतर तुमच्या खेपा वाढल्या. माझ्या स्वयंपाकघरात तुम्ही जो गोंधळ घातलात तो मी मुलांना सांगणारच. माझ्या प्रत्येक डब्यावर पाटी आहे, इंग्रजीत, हे तुम्हाला पहिल्यापासून खुपायचं. “मीठ हाय हे सांगायला पाटी लागतीय? डबा उगडला की दिसतंय की!” तुम्ही साखर पोह्यांच्या डब्यात घातलीत आणि साखरेच्या डब्यात शेंगाची चटणी भरलीत, कारण तो डबा हाताशी होता. एकदा पाहुण्यांच्या चहात मी दोन चमचे चटणी घातली. तुम्ही पदर तोंडात धरून हसत परसात पळालात आणि भिंतीवरून नरसव्वांना सगळं सांगितलंत.

ते ताट मी तेव्हाच घेतलं. भांड्यांच्या दुकानात नाव कोरणारा बसलेला असतो, त्याला मी ‘गंगव्वा’ मराठीत लिहून दिलं. तुम्ही म्हणालात, मला ते वाचता येत नाही, ते कुणाचं बी असंल. तुम्हाला फक्त स्वतःचं नाव, तेही कानडीतच, ओळखता यायचं. कोरणाऱ्याला कानडी येत होती, त्याने कानडीत कोरलं. ताट हातात आल्यावर तुम्ही त्या अक्षरांवरून बोट फिरवलंत, नेमकं जसं आता उमा फिरवते तसं, आणि म्हणालात, “व्हय, मीच हाय.”

उमा झाल्याची तार आली त्या दिवशी तुम्ही योगायोगाने सोलापुरातच होता. मी तार वाचून दाखवली. तुम्ही साखर मागितलीत, मी पोह्यांचा डबा काढला. साखर खाऊन तुम्ही पदराला हात पुसलात.

“आता लेकीच्या घरी जेवायला मी मोकळी झाली,” तुम्ही म्हणालात. “किती लांब हाय बाई ते?”

मी नकाशाची वही आणली. तुम्ही समुद्र बघितलात आणि वही मिटलीत. मी म्हणाले, पासपोर्ट काढू, चंदू तिकीट पाठवेल, मीही येते. तुम्ही मान हलवलीत. गुडघे, रान, तुमच्या मुलाचं दुकान, अशी कारणं सांगितलीत, आणि ती खरी होती. पुढच्या खेपेला तुम्ही ताट घासून, पुसून, तसल्याच पांढऱ्या फडक्यात बांधलंत. चंदूचा एक विद्यार्थी तिकडे निघाला होता, त्याच्या सामानात ते द्यायचं म्हणालात.

“अहो, तिथे ताटं मिळतात,” मी म्हणाले.

“माजं मिळतंय का? मी काय आता इमानात बसत न्हाय. ताट जाऊ द्या. लेकीच्या घरी माज्या ताटात वाढलं की मी जेवले.”

तुमच्यासाठी मी दुसरं ताट घेतलं, पण त्यावर नाव घालू दिलं नाहीत. म्हणालात, एका माणसाची दोन ताटं नसतात.

या संक्रांतीला तुम्ही शेवटच्या आलात. गड्ड्याला जाण्यापूर्वी आपण बोलायला बसलो, आणि पुन्हा तेच निघालं. गिरिजाची मुदत एकदा वाढली होती, मग दुसऱ्या विद्यापीठात तसलीच जागा मिळाली होती, आणि आता तीही संपत आली. तिथे आणखी एक मुदत मिळू शकते. पुण्याला एक कायमची जागा निघणार आहे, पगार कमी, यंत्र लहान. मी म्हणाले, अजून एक वर्ष तिथे काढावं, काम नावारूपाला येतंय.

“कितींदा साल घालायचं?” तुम्ही म्हणालात. “गड्याचं वय झालं की त्येला कोन ठेवतंय? तिला आता स्वताचं रान पायजे. ल्हान असू दे, कोरडवाहू असू दे.”

“अजून एकच वर्ष, विहीणबाई.”

“तुमी इंग्रजी शिकलेल्यांचं ‘अजून एक’ कदी सरतच न्हाय.”

“मग मी तिला लिहू का, अव्वा ये म्हणते म्हणून?”

तुम्ही चटणीच्या डब्याचं झाकण घट्ट लावलंत, पुन्हा उघडलंत, पुन्हा लावलंत. “ये म्हनलं तर ती माज्यासाटी येनार. त्ये मला नको,” म्हणालात. “पुडल्या खेपेला सांगते.”

ती खेप झाली नाही. पंधरा दिवस ताप, मग खोकला, आणि मला कळलं तेव्हा दुपारच्या गाडीने येण्याइतकंच उरलं होतं.

तुमचं म्हणणं काय असतं, ते मी आता ठरवणार नाही. माझं मत अजूनही तिने एक वर्ष राहावं असंच आहे. तुम्ही समोर असतात तर आपण पुन्हा भांडलो असतो, आणि भांडून जेवलो असतो. पण तुमची बाजू मांडणारं आता कोणी नाही, म्हणून ती मी जशी ऐकली तशी लिहिली. गिरिजाने दोन्ही वाचाव्या आणि तिला योग्य वाटेल ते करावं. तुम्ही तिला ये म्हणाला नाहीत आणि राहा म्हणाला नाहीत, एवढं मी खात्रीने सांगू शकते. भाकरीची चळत तुम्ही बांधून दिली होती, आणि ‘फुडचं तितं गेल्यावर बगा’ म्हणाला होता. मला वाटतं, अजूनही तेच.

तुम्ही गेल्यावर गिरिजाचा फोन आला, समोरच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात. कंपाउंडर मला बोलवायला आला. निखिल लहान, प्रवास अशक्य, येऊन काय बघणार, हे सगळं ती आधी तारेत कळवून बसली होती. फोनवर नुसता आवाज येत होता, समुद्राचा असावा तसा. मी म्हणाले, गिरिजा. मिनिटं संपत चालली. मग अगदी तुमच्या आवाजात, तुमच्या भाषेत, तिने विचारलं, “ऊट आत?”

मी म्हणाले, झालं.

झालेलं नव्हतं, विहीणबाई. घरी येऊन भाकरी टाकली, साखरेच्या डब्यातली चटणी घेतली आणि जेवले.

फिरकीचा तांब्या तुमच्या सुनेकडे आहे. माझ्या साखरेच्या डब्यात अजून तुमची चटणी आहे, तळाशी थोडी. तुमचं ताट लेकीच्या घरी आहे, आणि त्यात रोज वाढलं जातं.